मागच्या स्पीकरची जागा

डोंबिवली, नोव्हेंबर १९९८, रविवार

"खोली एकच आहे, पण हा कोपरा तुझा." लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या. आज होम थिएटरचा रिसीव्हर आला, पाच स्पीकरांसकट. पाचवा स्पीकर ठेवायला जागा उरेना, तेव्हा मीच ह्यांना आईंचा, त्या झोपतात तो दुसरा कोपरा दाखवला. मीच!

"आई, आवाज मागूनही यायला हवा," हे म्हणाले.

"अरे, मला पुढचाच कुठे ऐकू येतो!" असं हसत म्हणत आईंनी आपली वळकटी स्वतःच स्वयंपाकघरात नेली.

सिनेमातलं विमान डोक्यावरून मागे गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्या कोपऱ्यातल्या काळ्या खोक्याकडे बघत होते. नको म्हणतील, ठाऊक आहे. तरी सकाळी विचारेन: आई, तुमची वळकटी परत कोपऱ्यात आणू का?