अजून अपूर्णांकच

ती. बाबांना नमस्कार,

मी बरी आहे. खोली हवेशीर आहे, जेवणही वेळेवर होतं. तुम्ही डोळ्यांत थेंब घालता ना?

सहावीला या सत्रात अपूर्णांक, दशांश, नकाशावाचन, जलचक्र, सगळं दहा आठवड्यांत उरकायचं आहे. इथे निम्म्या वर्गाला भागाकार येत नाही. डोकं पिकून गेलंय नुसतं.

आज मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, "बाई, अजून अपूर्णांकच?" मी तोंड उघडायच्या आत एक कधीच न बोलणारी मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आम्हाला आत्ता कुठे कळायला लागलंय."

"उद्यापासून दशांश," एवढंच मला सांगून ते गेले.

माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे आईला एवढ्यात सांगू नका. उद्याही मी अपूर्णांकच शिकवणार आहे.

तुमची,
धाकटी