आधी खुर्ची

ताई,

तुझ्या भिंगऱ्याचा लांबूनच नमस्कार.

आई फोनवर म्हणाली, तू केलेल्या बाळंतपणात बाळ वाचलं नाही. डॉक्टर म्हणतात कोणाची चूक नव्हती, तरी तू नोकरी सोडायला निघालीस.

बाळंतपण बिघडलं तर सोबतच्या नर्सला कसं सावरायचं, हे तू नर्सना शिकवायला जायचीस तेव्हा मी चिडवायचो, "बाळंतीण सोडून नर्सलाच काय सांभाळायचं?" तू म्हणायचीस, "गाढवा, हादरलेल्या पोरीला आधी खुर्ची द्यायची. काय झालं ते नंतर विचारायचं. आणि साहेब ओरडत आले, तर मध्ये आपण उभं राहायचं."

परवा इथे बांधकामावर क्रेनवाल्याच्या हातून लोखंड सुटलं. कोणाला लागलं नाही, पण तो हादरला होता आणि मुकादम त्याच्या अंगावर धावला. मी बादली उपडी घालून त्याला बसवलं आणि मध्ये उभा राहिलो.

"तू कोण रे, याचा वकील?"

"नाही, ताईचा भाऊ," मी म्हटलं.

तुला खुर्ची कोणी दिली गं?

हे पत्र टाकत नाही. सुट्टी मिळालीय, पत्राच्या आधी मीच पोचेन. दार उघडलंस की माझ्या जेवणाच्या मागे लागू नकोस. आधी तू बस. मी उभा राहतो.

तुझा,
भिंगऱ्या