व्हिडिओ कॉलची शिकवणी

अहो,

त्या सकाळी मी भांडी विसळत होते, तेवढ्यात तुमची मास्तरीण लेक मोबाईल घेऊन आली. परदेशातल्या शाळेत रुजू होण्याआधी, आवराआवरीच्या धांदलीतही, ती उन्हाळाभर मला व्हिडिओ कॉल शिकवत होती.

"आई, माझी पहिलीतली पोरंसुद्धा लवकर शिकतात गं."

"त्यांची डोकी कोरी असतात, बाई."

ती हसली नाही. "तुला जमेना, तर मी जाणं रद्द करते. बाबांनंतर तुला अशी एकटी कशी टाकू?"

मला केव्हाच जमलं होतं. शिकवताना ती खांद्याला खांदा लावून बसायची, म्हणून मी चुकत होते. तेव्हाही मुद्दाम चुकले. तिनं बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवायला घेतले.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या खोलीत असताना मी ओट्यापाशी उभी राहून तिला व्हिडिओ कॉल लावला.

तुमच्या लेकीची
ढ विद्यार्थिनी