आपल्या बाकड्यावरचे चीन आणि अमेरिका

प्रिय बापू,

काल तुझी वैशाली सांगलीहून मला भेटायला आली होती. तिनं जे सांगितलं ते कालपासून डोक्यातून जात नाही. हे बोलायचं तरी कुणाशी? घरात मी एकटा. शेजारचे लोक भले आहेत, पण चीन-अमेरिका म्हटलं की ते हळूच टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून कागद घेऊन बसलो. तू जाऊन आठ महिने झाले. एवढे दिवस मी तुझ्याशी काहीच बोललो नाही, हेही माझ्या स्वभावाला सोडूनच झालं!

कोरेगाव स्टेशनवरचं आपलं बाकडं तुला आठवतंय ना? सकाळची गाडी गेली की फलाट मोकळा व्हायचा. मी पेपर आणायचो, तू चहाचा थर्मास. मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेलो, तू फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. माझा निनाद अमेरिकेत, तुझी वैशाली सांगलीच्या एका कारखान्यातर्फे चीनमध्ये. मग काय, पोरांमुळे दोन्ही देशांचे वकील आपोआपच नेमले गेले!

मी म्हणायचो, "बापू, जिथं राज्यकर्त्याला तोंडावर चुकलास म्हणता येतं, तोच देश मोठा."

तू चहा ओतता ओतता म्हणायचास, "मास्तर, माझ्या बानं दुष्काळी माणातनं मेंढरं घेऊन नदीकाठापतुर पाय झिजवलं. मत द्यायचा हक्क व्हता की त्याला. पानी न्हवतं. त्या चीनवाल्यांनी गावागावात रस्ता नेला, पोरांस्नी शाळा दिली. आदी पोटाला, मग तोंडाला."

"पण तोंडच बांधलं तर पोटाला कमी पडतंय हे सांगणार कोण?"

"आन् तुमच्या अमेरिकेत सांगून मिळतंय व्हय सगळ्यांस्नी? रस्त्यावर झोपत्यात तितं बी माणसं."

एकदा औंधला यमाईच्या दर्शनाला निघालो, तर एसटीत बसल्यापासून आपलं सुरू. शेवटी कंडक्टर वैतागून म्हणाला, "आवं आजोबा, दोन्ही देशांची तिकिटं माझ्याकडं न्हाईत, औंधचं घ्या!" सगळी गाडी हसली. तू सगळ्यांत जास्त हसलास.

आणि मग ती सकाळ. मी ती विसरलो असं तुला वाटलं असेल. नाही रे बापू.

आपल्याकडचा कोरोना सरला होता, पण चीनमध्ये पुन्हा टाळेबंदी लागली होती. माणसांना इमारतींत बंद केल्याचे फोटो पेपरात आले होते. मी तुला विचारलं, "वैशाली कशी आहे?"

"झ्याक हाय," तू म्हणालास. "सरकार दारात भाजी आणून देतंय."

मला तर चेवच चढला. मी म्हणालो, "म्हणजे मेंढरंच झाली की रे! वाडग्यात कोंडायचं आणि चारा टाकायचा. मेंढरांना काय, चारा मिळाला की झालं."

मेंढपाळाच्या पोराला हे मी म्हणालो. मुलांना आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसानं! मी तुला अरेतुरे करायचो आणि तू मला शेवटपर्यंत 'तुमी' म्हणालास, याचीसुद्धा लाज मला त्या दिवशी वाटली नाही.

तू थर्मासचं झाकण लावलंस आणि चालू लागलास.

महिनाभर तू आला नाहीस. मग एक दिवस येऊन बसलास, माझ्यासाठी चहा ओतलास. मला वाटलं, मिटलं. पण त्यानंतर तीन वर्षं आपण काय बोललो? गुडघे. आल्याचे भाव. रेल्वेचा दुसरा रूळ कधी पूर्ण होणार. चीन नाही, अमेरिका नाही. मी पेपरातली बातमी वाचायला घ्यायचो आणि पान उलटायचो. तुझ्या शेजारी बसून मला इतकं एकटं वाटायचं, हे तुला कळत होतं का रे? माफी मागायला एक वाक्य लागलं असतं. मी रोज ते घरून पाठ करून यायचो आणि स्टेशनवर आलो की गुडघ्यांविषयी विचारायचो. आणि मग एका सकाळी तुझ्या घरून निरोप आला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आतच संपलं.

काल वैशाली म्हणाली, "सर, बाबांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं ना?"

"काय?"

तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या इमारतीचा दरवाजा पत्रे ठोकून बंद केला होता. भाजी यायची हे खरंच, पण खालच्या मजल्यावरच्या म्हातारीची औषधं संपली होती आणि कुणी दाद देत नव्हतं. हिनं इमारतीच्या ग्रुपवर तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका अधिकाऱ्याचा फोन आला. अगदी मऊ आवाजात विचारलं, तुम्ही परदेशी, तुम्हाला कशाला ही काळजी? ती घाबरली. रोज सकाळी तुला फोन करून रडायची. आणि तू बाकड्यावर यायच्या आधी मालधक्क्याच्या मागे उभा राहून तिच्याशी बोलायचास. "लिवल्यालं पुसून टाक पोरी," तू म्हणालास. "घरी आलीस की काय बोलायचं त्ये बोल."

आणि तसाच येऊन माझ्या शेजारी बसायचास. म्हणजे मी ते वाक्य बोललो त्या सकाळीही तू तिचं रडणं ऐकूनच आला होतास!

मी विचारलं, "माझ्यापासून का लपवलं गं त्यानं? मी जिंकलो म्हणालो असतो म्हणून?"

ती म्हणाली, "मीही तेच विचारलं होतं. बाबा म्हणाले, मास्तरांचं बराबर हाय म्हणून मी कबूल केलं, तर उद्यापासनं आमी दोघांनी बोलायचं कशावर?"

चष्मा पुसायच्या निमित्तानं मी आत गेलो.

आता माझंही ऐक. तुझ्यापासून मीही लपवलं. त्या टाळेबंदीच्या पुढच्याच वर्षी निनादची नोकरी गेली. दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा, असा तिथला कायदा. पोरानं त्या दिवसांत घरातल्या खुर्च्यासुद्धा विकायला काढल्या. तुला मी काय सांगितलं? "निनादनं कंपनी बदलली." नंतर मिळाली नोकरी, आधीपेक्षा खालची. आणि एकदा मी फोनवर तिथल्या सरकारबद्दल काहीतरी बोललो, तर तो एकदम म्हणाला, "बाबा, फोनवर असलं नको. माझ्या व्हिसाचा प्रश्न आहे." ज्या देशात तोंडावर बोलता येतं म्हणून मी तुझ्याशी एवढा भांडलो, तिथून माझाच मुलगा मला गप्प राहायला सांगत होता. हे तुला सांगितलं असतं, तर तू हसला असतास का? नाही. तू चहा ओतला असतास.

काल हे सगळं मी वैशालीला सांगितलं. मेंढरांचं वाक्यही सांगितलं. मग तिनं दोघांचे कप विसळून ठेवले आणि पुन्हा येऊन बसली. बापू, तेव्हा तिच्यासमोर मी तुझी माफी मागितली. तुझ्यापर्यंत ती पोचली का, हे मला कोण सांगणार?

ती आली होती ते सल्ला विचारायला. कंपनी तिला पुन्हा चीनला पाठवते आहे. "सर, इथं मला मशीनला हात लावू देत नव्हते, मुलगी म्हणून फायली दिल्या होत्या. तिथं वर्षात अख्खा विभाग हातात दिला. कामावरून एकटी घरी यायचे, कधी भीती वाटली नाही. पण त्या फोननंतर काही लिहायला गेले की बोटं थांबायची. मग कुठला देश चांगला? बाबा असते तर त्यांना विचारलं असतं."

उभं आयुष्य फळ्यावर राज्यपद्धतींचे तक्ते काढलेला मी एवढंच म्हणालो, "मला माहीत नाही गं. तुझ्या बाबालाही माहीत नसावं. जायचं की नाही ते तूच ठरव. तो असता तरी शेवटी हेच म्हणाला असता."

ती जाणार आहे, पुढच्या महिन्यात.

बापू, तुला एक शब्द देतो. यापुढे मी कुठल्याही देशाची वकिली करणार नाही. दर रविवारी सकाळी वैशालीला फोन करीन आणि तिला दोनच गोष्टी विचारीन: जेवलीस का, आणि मनातलं बोलता येतंय का? मग तिचं सगळं ऐकून घेईन, मध्ये तोंड घालणार नाही. तो फोन ठेवला की निनादला लावीन, आणि त्यालाही हेच दोन प्रश्न विचारीन.

तुझा,
मास्तर