सागाला कोण सांगणार

आबा, तुझा मुंडा अजून उभा राहिलेला नाही. आपल्या कोरकूंत माणूस गेला की त्याच्यासाठी सागाचा खांब कोरतात. त्यावर चंद्र, सूर्य आणि घोड्यावर बसलेला तो माणूस. तो खांब उभा राहीपर्यंत गेलेला माणूस जुन्या माणसांत जाऊन बसत नाही, दाराबाहेरच थांबतो. तुला हे काय सांगायचं म्हणा. पण मी हे सगळं मोठेपणी, भावाला विचारून विचारून शिकलो, म्हणून नीट म्हणून बघतोय. तू गेल्यापासून मी 'पुढच्या होळीला येतो' म्हणत राहिलो, आणि तू बाहेर राहिलास.

मी सिंगापुरात तुआसच्या जहाजांच्या यार्डात पाइपांची ड्रॉइंग काढतो. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. फिटर म्हणून आलो, जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत बघत कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकलो, आणि आता माझ्या ड्रॉइंगला कुणी लाल पेन लावत नाही. फुशारकी आहे, असू दे. तर इथल्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये बसून मी तुझा मुंडाही तसाच काढला. घोड्याची मान, लगाम, चंद्राची कोर, सगळं मापात. मुलगी मागे येऊन उभी राहिली.

"पपा, आजोबांकडे घोडा होता?"

"नव्हता."

"देन वाय घोडा?"

"मेल्यावर लागतो. लांब जायचं असतं."

"ओ. टॅक्सीसारखं."

मी हसलो. मग स्वाराचा चेहरा काढायला घेतला आणि हात थांबला. मुंड्यावर चेहरा म्हणजे नुसती दोन भोकं आणि एक रेघ, तेवढीही मला ओढवेना. मला तुझा चेहरा आठवतो तो शाळेच्या तारेच्या कुंपणातून. तार डोळ्यांवरून गेलेली.

मी लहान आहे, पाऊस नुकताच सुरू झालाय आणि आपल्या ढाण्यावर, वस्तीवर, जीप आली आहे. मुक्कामाच्या आश्रमशाळेला मुलं कमी पडतायत, म्हणून गुरुजी मेळघाटातली पोरं गोळा करत हिंडतायत. बरोबर जंगलाचा गार्ड. तू दारात उभा, मान हलवून नाही म्हणतोयस. गुरुजी गोड बोलून थकतात. मग गार्ड म्हणतो, "पोरगं दे रे. नाहीतर तुझ्या वरच्या वावराचं बघावं लागेल." ते वावर जंगलातलं, आणि आपलं वर्षाचं खाणं त्याच्यावर. मला उचललंस आणि स्वतःच जीपमध्ये ठेवलंस, ज्वारीचा कट्टा ठेवतात तसा, फुटू नये म्हणून हळू.

शाळेत कोरकू बोललं की उन्हात उभं करत. "माणसासारखं बोला," असं सर म्हणायचे. एका होळीला तू मला न्यायला आलास. आपला सगळ्यात मोठा सण, त्या दिवशी पोरगं घरी नाही हे तुझ्या डोक्यात बसेना. सरांनी फाटकातूनच सांगितलं, "परीक्षा आहे. झाली की ये." तू परत गेला नाहीस. समोरच्या पळसाखाली बसलास. आम्ही थाळ्या घेऊन खिचडीच्या रांगेत उभे, आणि तू तिथे. कुंपणाशी यायची मला परवानगी नव्हती, आत यायची तुला. संध्याकाळी बघितलं तर पळसाखाली कुणी नव्हतं. चौकीदाराने पानात बांधलेली भाजलेली मोहाची फुलं माझ्या हातात दिली. "तुझ्या बापानं ठेवलंय. रडू नको, आधी खा, नाहीतर दुसरे खातील."

उन्हाळ्यात घरी आलो की मी शेळ्यांना मराठीत हाकलायचो. तू एकदा वैतागून म्हणालास, "शेळीलासुद्धा कळत नाही तुझं." सगळे हसले, मीही हसलो. तू ते कोरकूत म्हणाला होतास, आबा. माझ्या डोक्यात ते आता मराठीतच आहे. तुझा आवाज आहे, पण त्यात तुझे शब्द नाहीत.

पुढे जीप भावासाठी आली, तेव्हा तू त्याला घेऊन जंगलात निघून गेलास, आणि जीप माघारी फिरेपर्यंत सापडला नाहीस. त्या साली वरचं वावर गेलं. मला तेव्हा का नाही नेलंस जंगलात? हे मी तुला कधी विचारलं नाही. भावाला विचारलं. तो म्हणाला, "दादा, तुला नेल्यावर घर कसं झालं ते आबानं बघितलं होतं. म्हणून मला लपवलं." हे मला पटतं. पण पटून बरं वाटत नाही.

मुंड्याचं ड्रॉइंग भावाला पाठवलं. "दादा, भारी. पण आपला कोरणारा म्हणतो, एवढं बारीक कशाला, तो घोडा ओळखला म्हणजे झालं." मग त्याने खरी गोष्ट सांगितली. तोडायच्या आदल्या संध्याकाळी सागापुढे जाऊन सांगावं लागतं, तुला कशासाठी नेतोय, कुणासाठी नेतोय. त्याच बोलण्यात गेलेल्याला हाक असते. ते बोलायचं थोरल्या मुलाने. गावातली जुनी माणसं त्यावर अडून बसली आहेत. तसं झालं नाही तर मुंडा नुसतं लाकूड.

भावाने ते बोलून फोनवर पाठवलं. तुआसच्या बसमध्ये कानात घालून मी ते पाठ केलं, एक अक्षर सोडलं नाही. म्हणून दाखवलं. तो आधी हसला. "दादा, ग्रामपंचायतीची नोटीस वाचतोयस." मी पुन्हा म्हटलं. या वेळी तो हसला नाही. नुसता म्हणाला, "बरोबर आहे. सगळं बरोबर आहे." माझ्या ड्रॉइंगवर मी स्वतः जसा शिक्का मारतो तसं. तेव्हाच मला कळलं, शब्द सगळे आहेत, पण ही हाक नाही.

काल मी जुन्या माणसांशी बोललो, हिंदीत, भाऊ मधे राहून. त्यांना म्हटलं, थोरला बापाजवळ वाढला नाही, धाकटा वाढला. सागाला त्याने सांगू दे. बराच वेळ तिकडे त्यांचं आपसात चाललं. शेवटी एक म्हातारा काहीतरी बोलला, आणि भाऊ म्हणाला, "चालेल म्हणतात. पण तू हजर पाहिजेस." सुट्टी मागितली आहे.

हे मी मराठीत लिहितोय. तुला मराठी येत होती ती 'हो साहेब' एवढीच, तेव्हा हे पाठवायचा प्रश्नच नाही. त्या संध्याकाळी मी भावाच्या मागे उभा राहीन. तो तुला हाक मारेल, काय काय सांगेल, तू ऐकशील. तुमचं काय बोलणं झालं ते घरी परतताना मला त्यालाच विचारावं लागेल.