गुरम्माच्या हातची भाकरी

९ जानेवारी, गुरुवार
मनगट मोडलं! तेही उजवं. मोरीत पाय घसरला. सहा आठवडे प्लास्टर. चार दिवसांवर भोगी — दुकानाच्या तीनशे कडक भाकरी आता कोण थापणार? डाव्या हाताने लिहितेय. दोन ओळींतच दमले.

११ जानेवारी
दुकानदार सिद्धलिंग यांनी ऑर्डर दुसरीकडे दिली. मशीनवरच्या भाकरी घेणार म्हणे. "मार्थाबाई, गिऱ्हाईक थांबत न्हाय की." हे गेल्यानंतर बारा वर्षं याच तव्यावर घर चाललं — एका फोनात संपलं! प्रार्थनेला बसले तर तोंडातून नुसतं "का?" एवढंच.

१६ जानेवारी
खालच्या खोलीतली गुरम्मा आली होती. मूळची अक्कलकोटकडची. टॉवेलच्या कारखान्यातलं काम सुटलंय तिचं. म्हणाली, "अक्का, मी थापते. तुमी नुसतं सांगा."
हो म्हणवेना. हिला सगळं शिकवलं आणि उद्या हिनेच धंदा घेतला तर? बराच वेळ प्रार्थना केली. मनात एकच येत राहिलं — मूठ आवळून बसलीस तर देणारा ठेवील कुठे? संध्याकाळी खाली जाऊन सांगून आले, उद्यापासून ये.

२२ जानेवारी
काय थापते ही बाई! वर तीळ, आणि कागदासारखी पातळ. इतकी मला कधीच जमली नाही. ती थापते, मी मंद आचेवर फडक्याने दाबत कडक करते — डाव्या हाताने. आज दोघी मिळून दुकानात गेलो. सिद्धलिंगांनी तुकडा मोडला. "लई भारी!" निम्मी ऑर्डर परत मिळाली. प्रभूचे आभार मानले. पण "लई भारी" त्यांनी तिच्याकडे बघून म्हटलं.

२८ जानेवारी
पाप केलं.
सिद्धलिंगांचा फोन. "त्या बाईलाच थेट सांगू का? तुमाला बी दगदग नको."
मी पटकन म्हणाले, "तिचा भरवसा नाही हो. मध्येच गावाला निघून जाते."
एक दिवस चुकली नाही ती! कसं आलं तोंडातून?

२९ जानेवारी, बुधवार
गुरम्मा वेळेवर आली. काम आवरल्यावर माझी वेणी घालून दिली. तिच्या तोंडाकडे बघवेना.

२ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये आज प्रभुभोजन. पास्टर भाकर घेऊन समोर आले — माझा हात पुढे झालाच नाही. शेजारची बाई बघत राहिली.
तिथून तशीच दुकानात गेले. सांगून टाकलं — "मी खोटं बोलले. तिच्याइतकी भरवशाची बाई नाही. ऑर्डर तिच्या नावाने द्यायची तर द्या." सिद्धलिंग वजनकाटा पुसत राहिले.
आता गुरम्माला सांगायचं. ती गेली तर? जाऊ दे. नाही — जाऊ नये!

३ फेब्रुवारी
सांगितलं. पीठ मळता मळताच ती म्हणाली, "ठावं हाय मला. फोन झाला त्याच दिवशी मी दुकानात गेलते. त्यांनी सांगितलं की."
म्हणजे बुधवारी आली तेव्हा तिला सगळं माहीत होतं!
"मग आलीस कशाला गं?"
"तुमचा हात मोडलाय न्हवं, अक्का."