जावाचं किट आणि माझी खुर्ची

२ जून, सकाळ
भरतकामाच्या मशीनने शाळेच्या नावाऐवजी शर्टांवर नुसते चौकोन काढले. सहा शर्ट वाया. मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, मशीन ठीक आहे आजी, भरतकामाचा प्रोग्राम ज्याच्या जोरावर चालतो ते जावाचं किट, तुमच्या कॉम्प्युटरच्या लिनक्ससोबत आयतं आलेलं, त्याला मानवत नाही, दुसरं टाका. म्हटलं, टाकते. चाळीस वर्षं दुकान चालवलंय, एक किट बदलायला काय लागतं.

दुपार
मुलगा म्हणतो, थांब, ती गुरुवारी माहेरून आली की करेल. ती म्हणजे सून. कॉम्प्युटरचा क्लास केल्यापासून घरात अक्कल तिच्याकडेच जमा. मी म्हटलं, शनिवारी दोनशे शर्ट द्यायचेत, मीच करते. नाही जमलं तर कॉम्प्युटरपुढची खुर्ची तिची. बोलून गेले. जमणारच आहे म्हणा.

३ जून
सूनबाईंचा फोन. आई, जुनं काढू नका, नवं शेजारी टाका, मग कोणतं वापरायचं ते कॉम्प्युटरला सांगायचं. हिला संसार कळलेला नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नसतात. आधी जुनं हाकलायचं, मग नवं आणायचं.
जुनं काढायला कॉम्प्युटरवर टाइप करायची ओळ मेकॅनिककडून लिहून घेतली. म्हणाला, बघा हं आजी. बघायला चष्मा आहे.

संध्याकाळ
ओळ टाकली तर कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. टाइप करते तर एक अक्षर दिसेना. कीबोर्ड उलटा करून झाडला. बिस्किटाचा चुरा निघाला. मग कळलं, तो न दाखवताच घेतो. लबाड.
नंतर त्याने अकरा नावं दाखवून विचारलं, किटासोबत हीपण जातील, चालेल? चालेल. पाहुणा गेला की त्याची पोरंही जातात.

४ जून
अकरांत भरतकामाचा प्रोग्राम होता. बिलाचाही. चूक माझी नाही, नावं इंग्रजीत होती. नवं किट उतरवलंय. कुठे उतरलं ते सापडत नाही, पण उतरलंय.
मुलगा जेवायला बसला. भाजीत मीठ नाही, एवढंच म्हणाला. मीठ होतं.

५ जून
सून आली ती पर्स न ठेवताच खुर्चीत बसली. चहा करायचा नाही असं ठरवलं होतं. केला. चहा निवायच्या आत सगळं चालू.
जुनं किटही तिने परत टाकलं. कशाला, विचारलं. म्हणाली, राहू दे, अडचण करत नाही ते. पडद्यावर यादी दाखवली. दोन्ही किटं, नव्यापुढे चांदणी. चांदणी ज्याच्यापुढे, त्यालाच कॉम्प्युटर हाक मारतो. जुनं आपलं जागेवर असतं.

७ जून
शर्ट गेले. नाव सुरेख आलं. मेकॅनिकने विचारलं, झालं का? म्हटलं, सगळं मीच केलं, सुनेने शेवटचं बटण दाबलं.
खुर्ची तिने उंच करून घेतलीय. ती नसताना बसून पाहिलं, पाय टेकत नाहीत. मला मागे खिडकीपाशी स्टूल दिलंय. मुलगा म्हणाला, उजेड छान आहे आई, धागे कापायला बरं. म्हटलं, तात्पुरती बसते.
दिवसभरात बारा गिऱ्हाइकं आली. मला एकदाच हाक आली. सून विचारत होती, मोठी कात्री कुठंय.
माझ्या हातातच होती. दिली.